बंबावरच्या जवानाचा दम : सीमाभागात अग्निशमन दलासोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी-मार्चमध्ये अथणी, रायबाग, चिकोडीकडे उसाच्या फडाला आग लागते. बहुतेक वेळा लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांची ठिणगी निमित्त होते. बंब बांधापर्यंत पोचतो, पुढे रस्ता नसतो. मग जवानांनी होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, खांद्यावर घेऊन ढेकळांतून पळायचं. दलात सर्रास वापरली जाणारी ६३ मिलिमीटर व्यासाची होज पाण्याने भरली की १५ मीटरच्या एका लांबीत सुमारे ४७ लिटर पाणी मावतं. म्हणजे होजचं स्वतःचं वजन सोडून ४७ किलो नुसतं पाणी. वर दुपारचं ऊन, समोर जाळ, नाकातोंडात धूर, आणि पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस स्टेशनात खुर्चीवर बसलेला असतो.

या पाच मिनिटांत शरीराचं काय होतं, हे ज्याला नीट कळतं आणि त्यासाठी शरीर कसं तयार करायचं हे ज्याला येतं, अशा माणसाची अग्निशमन दलाला फार गरज आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागातून दरवर्षी कितीतरी मुलंमुली फिजिओथेरपी, शारीरिक शिक्षण, क्रीडाविज्ञान शिकून बाहेर पडतात आणि जिम नाहीतर शाळेच्या नोकरीपलीकडे त्यांना वाट दिसत नाही. ‘व्यायामशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी दलाची जाहिरात येईल म्हणून थांबू नका. एखाद्या स्टेशनपासून, साखर कारखान्याच्या अग्निशमन पथकापासून, सवड काढून सुरुवात करता येते. ती कशी करायची, हे इथे क्रमाने सांगतो.

एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की बसवा. तुमचं पहिलं काम जवानाला पिळदार करणं नाही, त्याचं हृदय सांभाळणं आहे. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कामावर असताना मरण पावलेल्या अग्निशामकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे ३९ टक्के मृत्यू हृदयविकाराने झालेले होते. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाच्या कामाचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, पण हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या तेवढ्या वेळात झाले होते. आकडे तिकडचे असले तरी हृदय सगळीकडे सारखंच चालतं. कॉल आला की ठोके एकदम चढतात, जड कपड्यांत घाम वाळत नाही, घामाबरोबर रक्तातलं पाणी कमी होऊन रक्त दाट होतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवतो. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला हे सगळं एकाच वेळी झेपत नाही.

आधी काम बघा

कुठलाही तक्ता बनवण्याआधी काही दिवस स्टेशनच्या आवारात नुसते उभे राहा. सकाळची परेड आणि ड्रिल बघा. शिडी कोण उचलतो, कुठून उचलतो, होज गुंडाळताना कंबर कशी वाकते, बंबातून उतरताना उडी मारतात की पायरी धरतात, हे वहीत लिहा. गुडघे आणि घोटे बरेचदा त्या उतरण्यातच दुखावतात.

आपल्या भागातलं काम ऋतूनुसार पालटतं, हेही ध्यानात घ्या. उन्हाळ्यात ऊस, गवताच्या गंजी, कारखान्यातले बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोयट्यांचे, ढीग. खानापूरच्या बाजूला जंगलातला वणवा. निपाणीला तंबाखूची गोदामं, बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्र्या. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर अपघातात चेपलेली वाहनं. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा फुगल्या की बोटी. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर या भागात कुणी विसरलेलं नाही. आणि बारा महिने विहिरीत पडलेली जनावरं. दोरावर ओढत आणलेल्या म्हशीने किती जवानांच्या कमरेचं दुखणं सुरू झालं, हे स्टेशनात कुणालाही विचारा. या प्रत्येक कामात ओढणं, उचलणं, वाहणं आणि चढणं यांचं प्रमाण वेगळं आहे. तुमचा व्यायाम त्या प्रमाणातून निघाला पाहिजे.

परवानगी आणि विश्वास

आधी स्टेशन अधिकाऱ्यांना भेटा, मग त्यांच्यामार्फत जिल्हा अग्निशमन अधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहा. येत नसेल तर येणाऱ्याकडून लिहून घ्या, कारण कारभाराची भाषा ती आहे आणि अर्ज वेगाने पुढे सरकतो. अर्जात चारच गोष्टी असू द्या. काय करणार, किती वेळ लागेल, खर्च कोण करणार, माहिती कुणाकडे राहणार.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जवानांना पहिली धास्ती हीच असते की बीपी जास्त निघालं तर साहेबांना कळेल आणि बदली होईल, बढती अडेल. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर, अधिकारी हजर असताना सांगा की प्रत्येकाचा निकाल फक्त त्यालाच मिळेल. साहेबांना फक्त एकत्रित आकडे मिळतील. हे लेखी घ्या आणि पाळा. हा शब्द एकदा मोडला तर त्या स्टेशनात पुन्हा कुणी तुमच्यासमोर बाही वर करणार नाही.

स्टेशनात मराठी बोलणारे असतील तसे विजयपूर, कलबुर्गीकडून बदलून आलेलेही असतील. वयाने मोठ्या माणसाला दादा म्हणा, काका म्हणा, अण्णा म्हणा. छातीत दुखणं, चक्कर, दम लागणं, पाणी पिणं एवढं कन्नडमध्ये विचारता आलंच पाहिजे. चाचणी चालू असताना दुभाष्या शोधायला वेळ नसतो.

हृदयाची चाळणी

इथे घाई करू नका. व्यायाम सुरू होण्याआधी प्रत्येकाशी एकट्याने बसून बोला. छातीत कधी दाब, जळजळ, जडपणा वाटतो का? जिना चढताना, होज ओढताना वाटतो आणि थांबल्यावर जातो का? चक्कर, भोवळ, धडधड? कुठल्या गोळ्या चालू आहेत? वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकाराचा झटका आला होता का?

‘पित्त होतं हो अधूनमधून’ हे उत्तर वारंवार ऐकाल. तिथेच थांबून पुढे विचारा. जेवणानंतर होतं की श्रमानंतर? श्रमाने येणारी आणि विसाव्याने जाणारी जळजळ पित्त समजून सोडून द्यायची नाही. अशा माणसाची तुम्ही कुठलीही चाचणी घ्यायची नाही, त्याला धावायला लावायचं नाही. आधी डॉक्टर, ईसीजी आणि त्यांना वाटल्यास पुढच्या तपासण्या. बेळगावात बिम्स आणि केएलई ही रुग्णालयं आहेत. तालुक्याच्या गावी कोण हृदयाचं बघतं, याची माहिती आधीच काढून ठेवा.

रक्तदाब मोजताना पद्धत सांभाळा. चहा आणि तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला असावा, पाच मिनिटं शांत बसलेलं असावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. तालमीत कमावलेल्या दंडाला नेहमीचा पट्टा लहान पडतो आणि आकडा खोटा जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा जवळ ठेवा. दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांकडे पाठवा. १८० वर ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

कमरेचा घेर टेपने घ्या. आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेषा मानतात. नुसतं वजन बघून फसगत होते. पूर्वी कुस्ती केलेले अनेक जण दलात आहेत. आखाडा सुटला तरी दूध, तूप, बदामाचा खुराक सुटत नाही, आणि चाळिशीत पोट सुटतं. ‘अंगात ताकद आहे’ हे त्यांचं म्हणणं खरंच असतं. पण ताकदीवरून हृदयाचा अंदाज येत नाही, हे त्यांना मान राखून समजावावं लागतं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेहाची शंका, १०० ते १२५ म्हणजे धोक्याची पूर्वसूचना. निदान डॉक्टर करतील. तुमचं काम माणसाला त्यांच्या दारापर्यंत नेण्याचं.

दम मोजणे

चाळणीतून पार झालेल्यांचीच चाचणी घ्या. महागडं यंत्र लागत नाही. सुताराकडून ४१.३ सेंटिमीटर उंचीची भक्कम लाकडी पेटी करून घ्या. ‘क्वीन्स कॉलेज’ पायरी चाचणीची उंची हीच आहे, स्टेशनच्या पायऱ्यांवर ती जमत नाही. पुरुषांनी मिनिटाला २४ वेळा, स्त्रियांनी २२ वेळा, अशी तीन मिनिटं चढउतार करायची. एका चढउतारात चार पावलं, म्हणून मोबाईलमधला मेट्रोनोम पुरुषांसाठी ९६ वर आणि स्त्रियांसाठी ८८ वर लावा. संपल्यावर उभं राहूनच, पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजा आणि चारने गुणा.

पुरुषांसाठी १११.३३ मधून त्या ठोक्यांची ०.४२ पट वजा करा. स्त्रियांसाठी ६५.८१ मधून ०.१८४७ पट वजा करा. येणारा आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्सचा अंदाज. शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरता येतो, ते तो सांगतो.

अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकात अग्निशामकासाठी १२ मेट (शांत बसल्यावर लागणाऱ्या ऑक्सिजनच्या १२ पट), म्हणजे ४२ मिलिलिटर, ही पातळी बराच काळ महत्त्वाची मानली गेली. पुरुषाच्या नाडीचे १५ सेकंदांत ४१ ठोके भरले तर उत्तर ४२ च्या जरा वर येतं, स्त्रीचे ३२ भरले तरी तेवढंच. जवानाला सूत्र सांगू नका, हे ४१ आणि ३२ सांगा. ज्यांना पायरीऐवजी मैदान आवडतं त्यांना कूपरची १२ मिनिटांची धाव द्या. त्यात २४०० मीटर पार झाले की अंदाज पुन्हा ४२ च्या आसपासच येतो. मात्र कमी भरलेल्याला ‘नापास’ म्हणू नका. ही पातळी लक्ष्य म्हणून वापरायची, चाळण म्हणून नाही.

दोन सावधगिरी. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, ठोके दाबून ठेवतात. त्या घेणाऱ्याचा दम कागदावर उगाच चांगला दिसतो. आणि चाचणी सकाळीच घ्या. दुपारच्या उन्हात ठोके वाढतात आणि दम कमी दिसतो.

आता हा दम जवानाच्या कामात कुठे उतरतो, ते त्याच्याच बीए सेटवर, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून मास्कवाटे हवा देणाऱ्या संचावर, दाखवा. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारने भरलेली हवा बाहेरच्या दाबाला ढोबळमानाने २००० लिटर होते. मिनिटाला ४० लिटर ओढणाऱ्याला ती ५० मिनिटं पुरेल. जिन्यावर जड काम करताना धाप लागून ८० लिटर ओढणाऱ्याला २५ मिनिटंच. शिवाय हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यानंतर बाहेर पडण्यासाठी राखायची हवा त्यातूनच जाते. तोच सिलिंडर, तीच खोली, दोघांपैकी एक आत अडकलेल्या माणसापर्यंत पोचतो, दुसऱ्याला अर्ध्यातून परतावं लागतं. हे गणित खडूने फळ्यावर मांडा. व्यायाम कशासाठी, हा प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

आठवडा बसवणे

पहिले चार ते सहा आठवडे नुसता पाया घाला. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास भरभर चालणं किंवा संथ धावणं, सोबत्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने. यात शूरपणा दाखवू देऊ नका. वर्षानुवर्षं न धावलेल्याला पहिल्याच दिवशी पळवलं तर पिंडऱ्या आणि गुडघे धरतात आणि तो परत येत नाही. नंतर त्यातला एक दिवस चढउताराचा करा. दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश, अशी चार-सहा आवर्तनं. खानापूर, बेळगावकडे चढाचे रस्ते आहेत, अथणीकडे पाण्याच्या टाकीचा जिना शोधा.

ताकदीचे दोन दिवस. इथे डंबेलपेक्षा स्टेशनातल्या वस्तू कामाच्या. फोमचे भरलेले कॅन दोन्ही हातांत घेऊन चालणं, पुरासाठी भरलेल्या वाळूच्या पोत्यांची उचलठेव, ट्रकच्या टायरला दोर बांधून ओढणं, गुंडाळलेली होज खांद्यावर घेऊन पायरी चढणं. उचलताना कंबर सरळ ठेवून नितंबातून वाकणं आधी रिकाम्या हाताने घोटून घ्या. ते जमल्याशिवाय पोत्याला हात नाही.

आपल्या तालमीतला व्यायाम टाकू नका. जोर खांद्याला आणि छातीला फार चांगले, मुद्गल फिरवणं शिडीच्या कामाला उपयोगी, दोर चढणं तर थेट कामाचंच आहे. बैठकांच्या बाबतीत मात्र माझं मत स्पष्ट आहे. चाळिशी ओलांडलेल्या, वजनदार जवानाला टाचा उचलून शेकडो बैठका मारायला लावू नयेत. त्याला पेटीवर बसून उठायला लावा, मग हळूहळू पेटीची उंची कमी करा.

जुलैच्या पुराची तयारी मे महिन्यातच सुरू व्हावी. वल्ही, दोर, माणसं उचलून बोटीत घेणं, हे सगळं पाठ आणि खांदे ओढण्याचं काम आहे. म्हणून त्या काळात ओढण्याचे प्रकार वाढवा.

ड्युटीवर असताना कडक व्यायाम कधीच नको. पाय थरथरत असताना कॉल आला तर तुम्ही त्याला दुबळा करून पाठवलेलं असतं. ड्युटीवर हलकं-मध्यम, जोराचं सुट्टीच्या दिवशी. सामान अंगावर चढवणंही टप्प्याने करा. आधी बूट-हेल्मेट, मग पाठीवर सिलिंडर, आणि मास्क लावून हवा घेत काम फक्त दलाच्या प्रशिक्षकासमोर. ते तुमचं क्षेत्र नाही.

ऊन, घाम, पाणी

बेळगाव शहर सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, हवा सोसवते. तिथून एप्रिलमध्ये अथणीला बदलून गेलेल्या जवानाचं शरीर त्या उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. या दिवसांत त्याला रोज थोडा थोडा वेळ उन्हात काम द्यायला अधिकाऱ्यांना सांगा. ही साधी शिफारस फार कामाची आहे.

ड्रिलच्या आधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. एक किलो उतरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. ते भरून काढायला पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर लागतं, एका दमात नाही. ओआरएस, मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी चालेल. कॉल संपल्यावर कोट आणि हेल्मेट लगेच उतरवायचं, सावलीत बसायचं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवायचे. हातांतून रक्त थंड होऊन परत जातं आणि अंगातली उष्णता झपाट्याने उतरते. बंबावर दोन बादल्या ठेवायला खर्च काहीच नाही.

जवान असंबद्ध बोलू लागला, अडखळला, भांडखोर झाला, तर तो थकवा समजू नका. तो उष्माघात असू शकतो. कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा. गाडीची वाट बघत थंड करणं थांबवू नका.

धूर, तंबाखू, झोप

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. म्हणून आगीवरून निघण्याआधी तोंड, मान, हात साबणाने धुणं, काजळी लागलेला गणवेश घरच्या कपड्यांत न मिसळणं आणि आग विझल्यावर ढिगारा उकरतानाही मास्क न काढणं, या सवयी व्यायामाच्या तासातच लावा. तंबाखू आणि मावा सोडवणं अवघड, विशेषतः निपाणी भागात. उपदेश न करता विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचीच पायरी चाचणी दाखवा आणि सोडायला तयार झाला की त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्या.

विहिरीतून मुलाचा मृतदेह काढलेला जवान आठवडाभर झोपत नाही, हे त्याच्या नाडीवर दिसतं. सकाळचे ठोके नेहमीपेक्षा चढलेले असतात. त्या आठवड्यात व्यायाम हलका करा, शेजारी बसा, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकाची चिठ्ठी त्याच्या हातात द्या. तिथे आपल्या भाषेत बोलता येतं.

नोंद

प्रत्येकाचं एक कार्ड ठेवा. त्यावर रक्तदाब, कमरेचा घेर, पायरी चाचणीतले १५ सेकंदांतले ठोके, दुखणारी जागा, एवढंच. बारा आठवड्यांनी तेच, त्याच वेळी, त्याच पेटीवर पुन्हा मोजा. अधिकाऱ्यांना एक पानाचा अहवाल द्या. किती जण चाचणीला बसले, किती जणांना डॉक्टरांकडे पाठवलं, गटाची सरासरी कुठून कुठे गेली, कंबरदुखीची रजा कमी झाली का. नावं नाहीत. दुसऱ्या स्टेशनचा अर्ज करताना हेच पान सोबत जोडा. आणि पेटी पहिल्या स्टेशनातच राहू द्या, दुसरीसाठी सुताराला नवीन सांगा.